तिसरी गल्ली

रिठदजवळची वाडी,
५ डिसेंबर

ती. बाबांस,
तनुजाचा सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून तुम्ही आणि आई काळजीत असाल. मी बरी आहे. फोन मीच बंद ठेवलाय. कारण पुढे लिहिते, पण आईला वाचून दाखवताना तेवढं गाळा. पत्र दौलतसिंगमामांच्या टेम्पोतून येईल. इथला भाजीपाला ते मालेगावच्या बाजारात रोज नेतात, तेव्हा उत्तरही त्यांच्याचकडे द्या.

मी इथं नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलं होतं. इथल्या बाया ग्रामपंचायतीच्या मतदानाला फारशा जात नाहीत. त्यांना घराबाहेर आणायला कुठला मार्ग चालतो, हे मला कॉलेजच्या प्रबंधासाठी शोधायचंय. मत कोणाला द्या हे सांगायचं नाही, फक्त या म्हणायचं. पहिल्या गल्लीत मोबाइलवर निरोप, दुसरीत ऑटोवर भोंगा, तिसरीत ओळखीच्या बाईनं घरोघर जाणं. मागे महिला ग्रामसभा झाली तेव्हा हे करून बघितलं. पहिल्या गल्लीतून दोघी-तिघी आल्या, भोंग्यामागं लेकरंच जास्त. तिसऱ्या गल्लीतून मात्र इतक्या बाया आल्या की शाळेच्या व्हरांड्यात बसवाव्या लागल्या.

घरोघर जाणाऱ्यांत भागिरथीबाई सगळ्यांत तरबेज. तिची मेथी-पालकाची थोडी जागा आहे, नवरा नाही. मी सगळ्यांना शिकवलं होतं, हातात कागद नेऊ नका, आधी पाणी मागा, लेकरांची चौकशी करा, सांगायचं ते एकाच वाक्यात सांगा आणि दोन दिवसांनी पुन्हा जा. ती हे असं करायची की मीच बघत राहायचे. प्रमाणपत्र देईन म्हटलं तर हसली. सोबतीला कोणी असली की बाई टिकते, असं तिचं म्हणणं.

सभेनंतर विकासभाऊ आले. इथल्या एका पॅनलचे पुढारी. खूप कौतुक केलं. मग म्हणाले की तुमच्या बाया दारी जातातच, तर आमच्या पॅनलचाही एक शब्द टाकत जा. मी नाही म्हटलं. ते हसले, चहा संपवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी माझा नंबर आणि फोटो गावाच्या ग्रुपवर आला. खाली काय लिहिलं होतं ते मी तुम्हाला लिहू शकत नाही. तेव्हापासून अनोळखी फोन येत होते, म्हणून बंद केला. मी कस्तुरचंदशेटच्या दुकानामागच्या खोलीत राहते. दुकानासमोर आता एक मोटरसायकल उभी असते. त्यावरचा माणूस हेल्मेटही काढत नाही.

मतदान झालं की येते. तोवर तुमची माया पाठीशी असू द्या.

तुमची,
तनुजा


मालेगाव,
७ डिसेंबर

चि. तनुजास,
बापूरावचे अ. उ. आ.

तुझं पत्र भेटलं. तुझ्या आईले अर्धंच वाचून दाखवलं. तिनं ते माह्या तोंडावरून ओळखलं अन् तवापासून ती जेवून नाही राह्यली.

आपल्या मळ्यात कोबी चांगला आला. पण काल बाजारात एक गोष्ट झाली. दोघं जण आले. भाव विचारला नाही, सगळा कोबी घेतला. पोतं बांधून देत होतो तं एकानं विचारलं, तनुजाताई कशा आहेत. मी म्हटलं तुमी कोण, तं म्हणे आमी वाडीचे, ताईले सारे मानतात. लय गोड बोलले. माह्या पाण्याच्या बाटलीतून पाणीबी पेले. जाताना म्हणे, काका, लेकीबाळीचं घर आहे, सांभाळून राहा.

बेटा, मी भेलो. शिव्या दिल्या असत्या तं मीबी दिल्या असत्या. तू कायले त्या भानगडीत पडली? अभ्यास करायले दुसरा विषय नव्हता काय? लहानपणी तू सापाच्या बिळात काडी घालून पाहाची, तशीच अजून आहे. येत्या टेम्पोत बसून घरी ये. लेकीबाळीचं घर आहे, हे मलेबी वाटते.

आईचा आशीर्वाद. रागावू नको, पण ये.

तुझा बाप


वाडी,
१० डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात घेऊन मी खोलीचं दार लावून बसले. रागावले नाही. घाबरले. का ते सांगते.

तुमचं पत्र येण्याआधीच घरोघर जाणाऱ्या माझ्या बाया एकेक करून गळायला लागल्या होत्या. एकीला ताप आला, एकीकडे पाहुणे आले, एकीचा नवरा नको म्हणाला. कारणं वेगवेगळी, पण निघताना प्रत्येक जण तेच म्हणाली. लेकीबाळीचं घर आहे, ताई. तीन बायांकडून मी हे ऐकलं होतं. मग ते तुमच्या अक्षरात वाचलं.

मी घरोघर विचारत फिरले. कोणी धमकी दिली का? नाही. कोणी पुढारी आला होता का? नाही. एक ओळखीची बाई दुपारी आली, पाणी मागितलं, लेकरांची चौकशी केली, उठताना एवढं एकच वाक्य बोलली. दोन दिवसांनी पुन्हा आली. नाव मात्र कोणी सांगेना.

बाबा, तिसऱ्या गल्लीतलं माझंच काम कोणीतरी उलटं करत होतं. बायांना दाराबाहेर आणायला जे सगळ्यांत जास्त चालतं, तेच त्यांना दाराआड ठेवायलाही चालतं. माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष मला असा मिळाला.

काल दुपारी भागिरथीबाई आली. उंबऱ्यावरच बसली. मी पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं. पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली,

"मीच गेली होती, ताई. तू शिकवलं तशीच गेली."

तिच्या वाफ्यांना पाणी विकासभाऊंच्या विहिरीवरून येतं. ते बंद करीन, असं ते म्हणाले नाहीत. यंदा विहिरीला पाणी कमी दिसतं, एवढंच म्हणाले. तिला कळलं.

मी ते पाणी उचलून आत नेलं. ती उठून गेली. आता मला मोटरसायकलवाल्यापेक्षा जास्त भीती याची वाटते, की या गल्लीत कोण प्रेमानं दार वाजवतंय आणि कोण नाही, हे मला ओळखता येत नाही. शेटच्या चेतनाभाभी ताट घेऊन आल्या, तेव्हाही मी क्षणभर त्यांच्याकडे तशीच बघत राहिले. याची लाज वाटली.

मी काय करू ते लिहा. तुमच्या शब्दाची वाट बघते.

तनुजा


मालेगाव,
१२ डिसेंबर

चि. तनुजास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. या वेळेस आईलेबी सारं वाचून दाखवलं. तुझी आई म्हणे, त्या बाईवर रागावू नको म्हणा पोरीले.

मलेबी तेच वाटते. तिनं जे केलं तेच मी केलं ना. दोघं माह्याजवळ गोड बोलून गेले अन् मी त्याहिचं वाक्य तुले लिहून पाठवलं. त्याहिले वाडीले पत्र टाकाची गरजच नाही पडली. मी अजून भेलो आहो, लपवत नाही. पण आता ये असं म्हणत नाही. राहा असंबी म्हणत नाही, तेवढी हिंमत नाही माह्यात. तुले जे करायचं ते कर, फक्त एकटी राहू नको. शेटच्या घरात झोपत जा. अन् ते बाई परत आली तं तिच्याशी बोल.

उत्तर लवकर धाड. आमचा जीव तिकडेच आहे.

तुझा बाप


वाडी,
१७ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मतदान झालं. मी सुखरूप आहे, हे आधी आईला सांगा.

ती परत आली नाही, मीच तिच्याकडे गेले. ती पालकाच्या वाफ्यात खुरपत होती. मी बांधावर बसले. पाणी मागितलं नाही, लेकरांचं विचारलं नाही, ते शब्द आता तोंडातून निघतच नव्हते. मलाही भीती वाटते, एवढंच म्हटलं. तिनं खुरपं खाली ठेवलं.

मतदानाच्या सकाळी तिसरी गल्ली बंदच होती. दारं लोटलेली, चुलीही गुपचूप पेटलेल्या. शाळेच्या वाटेवर मोटरसायकली लावून भाऊंची माणसं उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानिशी नमस्कार करत होती. मी लांब, शेटच्या ओट्यावर बसले होते. चेतनाभाभींनी माझा हात धरून ठेवला होता.

उन्हं वर आल्यावर भागिरथीबाई गल्लीत शिरली. ज्या घरांत आधी गेली होती, त्याच घरांत पुन्हा गेली. तिथं काय म्हणाली ते मला नंतर एकीनं सांगितलं.

"मी तुमाले भेव दाखवलं. मले कोणी दाखवलं ते तुमाले ठाऊक आहे. मी चालली मताले. एकटीले भेव वाटते."

पहिल्या घरातून कोणी आलं नाही, दुसऱ्यातूनही नाही. तिसऱ्या घरातली सासू चप्पल न घालताच बाहेर आली. मग सुना आल्या, मग पहिल्या घरातली मागून पळत आली. एकमेकींचे हात घट्ट धरून त्या शाळेकडे निघाल्या. भाऊंची माणसं एकेकीचं नाव घेऊन नमस्कार करत होती आणि प्रत्येक नावाला त्या आणखी जवळ सरकत होत्या. पण थांबली कोणी नाही. परत आल्या तेव्हा एक जण रस्त्याकडेला बसून ओकली.

आज निकाल लागला. भाऊंचंच पॅनल आलं, काठावर. मिरवणुकीचा गुलाल आमच्या दारावर मुद्दाम टाकला. आणि सकाळपासून भागिरथीबाईच्या पाइपाला पाणी नाही. विहिरीला कमी आहे म्हणतात. मी तहसीलला तक्रार द्यायचं म्हटलं तर ती नको म्हणाली. तिची मेथी चार दिवसांत जाईल. बाबा, मी माझा प्रबंध घेऊन निघून येईन, ती कुठं जाईल?

मन थाऱ्यावर नाही. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तनुजा


मालेगाव,
२३ डिसेंबर

चि. तनुजास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दौलतसिंगजवळ भागिरथीबाईले निरोप धाडला, की आपल्या मळ्यात कोबी, वांगी लय आहेत, अन् बाजारात माह्या शेजारची जागा रिकामी आहे. तिच्या पाण्याचा तंटा सुटेपावतर माल आपला, विकणं तिचं, निम्मं तिचं. ती येईन असं वाटलं नव्हतं. आली. तीन दिवस झाले, सकाळच्या टेम्पोनं येते अन् दुपारच्या एसटीनं जाते. तुझी आई तिले जेवल्याबिगर जाऊ देत नाही.

खोटं कायले लिहू, भेव गेलं नाही. दुकानाजवळ गाडी थांबली की आमी दोघंबी बोलताबोलता चूप होतो. भागिरथीबाई वांग्याच्या टोपल्यावर हात ठेवते, जसं कोणी उचलून नेईन. मी तराजू पुसत राह्यतो. गाडी गेली की परत बोलतो.

काल आईनं तिले विचारलं की हे सारं होईन हे माहीत असतं तं गेली असती काय. ते कोबीचा गड्डा उलटापालटा करून पाह्यत राह्यली. मग आईलेच विचारलं, तुमच्या गल्लीतल्या बाया मताले जातात काय.

आईनं माह्याकडे पाह्यलं. ते आमाले दोघालेबी ठाऊक नव्हतं.

तू आली की त्याचं पाहू. पत्र टाकत जा, आमाले विसरू नको.

तुझा बाप
बापूराव