राजा राणीलाच का विचारत नाही

रविवार, १२ तारीख
दुपारचा चहा झाल्यावर

चि. बारक्यास,

आजीचे आशीर्वाद आणि त्यांच्यासोबत थोडा राग, दोन्ही सांभाळून घे. मी बरी आहे. गुडघे माझं ऐकत नाहीत, पण या घरात माझं ऐकतं कोण, तेव्हा त्यांच्यावर वेगळं रुसायचं कारण नाही. नेहमीप्रमाणे मी बोलते आहे आणि तुझा दादा लिहितो आहे. सुट्टीच्या दिवशीही लिफ्ट बिघडतात म्हणे, सकाळीच एका शाफ्टमध्ये उतरून आला. नखांत ग्रीस आहे. कागदावर कुठे काळा डाग दिसला तर तो माझ्या बोलण्यातला समजू नकोस.

फोनवर तू मला दोन वाक्यं बोलू देतोस आणि तिसऱ्याला "साइटवर आहे आजी" म्हणून ठेवून देतोस. बायकोचा फोन तर उचलतच नाहीस. उचलतोस तो एकट्या दादाचा. म्हणून कागद. तो फाडायचा म्हटला तरी माणूस आधी दोन ओळी वाचतोच.

तुझा निरोप दादाने सांगितला. महिनाअखेर तू येणार आणि त्याआधी तुझ्या बायकोने, आपल्या या पोरीने, तिच्या आईकडे निघून जायचं, तुला ती घरात दिसायला नको. पोरीने ऐकून घेतलं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने बॅग भरून दाराशी ठेवली आणि शिवणाला बसली. मी येताजाता त्या बॅगेला अडखळते. कुणी उचलून आत ठेवत नाही आणि बाहेरही नेत नाही. तू येण्याआधी हे पत्र पोचावं आणि तू ते शेवटपर्यंत वाचावंस, इतकंच माझं मागणं आहे.

पण आधी तुला एका राजाबद्दल सांगायचं आहे. डोळे फिरवू नकोस, मला इथून दिसतात.

पोरगी ज्या नाटक कंपनीचे कपडे शिवते ते लोक सध्या एक जुनं नाटक बसवत आहेत. जुनं म्हणजे माझ्याहून जुनं. तालमी चालतात त्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. घरी एकटीने भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा मी तिच्याबरोबर जाते. तिथे पाठ टेकायला एकच खुर्ची आहे, राजाचं सिंहासन. मी त्याच्यावर बसते. राजाचा प्रवेश आला की मला उठवतात, त्याचं झालं की मी परत बसते. राज्य आम्ही दोघं पाळीपाळीने करतो.

गोष्ट अशी. राजाचा एक द्वारपाल असतो, फार विश्वासातला. राजा प्रधानपद दुसऱ्यालाच देतो. द्वारपाल तोंडाने काही बोलत नाही, उलट हार घेऊन सगळ्यांच्या पुढे. आणि मग हळूहळू राजाच्या मनात भरवतो की राणीचं वीणा वाजवणाऱ्याशी काहीतरी आहे. शेवटी राजा राणीला विषाचा पेला देतो. ती पिते. मग खरं कळतं, आणि मग राजा जे रडतो ते बघवत नाही. खरं तर तो नट रडताना एका डोळ्याने दिवा नीट पडलाय का बघत असतो, तरी बघवत नाही.

आता मला शेवट पाठ आहे. तरी रोज वाटतं, आज हा राणीला विचारेल. विचारत नाही. माळ्याला विचारतो, दासीला विचारतो, आरशाला विचारतो. मी एकदा त्याला धरलंच. म्हटलं, "का रे बाबा, सगळ्या राजवाड्याला विचारतोस, तिला एकटीला का नाही विचारत?"

"आजी, मग नाटक अर्ध्या तासात संपेल."

"संपू दे की. लोक लवकर घरी जातील, राणी जगेल, तुझा घसा वाचेल."

हसला. आणि मिशी चिकटवायला गेला. मला उत्तर अजून मिळालेलं नाही, तुझ्याकडे असलं तर कळव.

द्वारपालाचं काम करणारा माणूस गरीब आहे. घशाच्या गोळ्या चघळत कोपऱ्यात बसतो. त्याची कला मी फार बारकाईने बघितली. बारक्या, तो सबंध नाटकात एकही धड खोटं बोलत नाही. राजा विचारतो, काय रे, गप्प का? हा म्हणतो, "काही नाही महाराज." आणि थांबतो. आपल्यालाही वाटतं, काहीतरी आहे. राजा म्हणतो, बोल. हा म्हणतो, "जाऊ द्या, आपण कशाला मनाला लावून घेता." मग राजाच बोलत सुटतो. द्वारपालाने अर्धं वाक्य टाकायचं आणि उरलेलं राजाने स्वतःच्या पदरचं घालून पुरं करायचं. नंतर एकदा तो राजाला गच्चीवर नेतो. खाली बागेत राणी वीणावाल्याशी हसत असते. गच्चीवरून दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. ती कशाला हसते आहे हे राजाला कधीच कळत नाही. आम्हाला कळतं, आम्ही खाली बसलेलो असतो.

दोन-तीन तालमींनंतर माझ्या ध्यानात आलं की हे "काही नाही" मी आधी ऐकलेलं आहे. आपल्याच घरात, जिन्याजवळच्या बोळात, जिथे उभं राहून दादा तुझ्याशी फोनवर बोलतो. "काही नाही रे. आहे बरी ती. तालमीला जाते ना, उशीर होतो थोडा. जाऊ दे, तू कामाकडे बघ." तेव्हा मला वाटलं होतं, किती सांभाळून घेतोय धाकट्याला.

आता त्याचं पेन थांबलं आहे.

मी म्हटलं, लिही. तो म्हणतो, "आजी, हे कशाला?" मी म्हटलं, हेही लिही, तू "हे कशाला" म्हणालास ते. तो म्हणतो, मी नाही लिहिलं तर तुला काय कळणार आहे. खरं आहे. मला अक्षर कळत नाही, मुंग्या कुठून कुठे चालल्या एवढंच दिसतं. म्हणून यावेळी मी औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरला सांगून ठेवलंय. तो मला हे सगळं वाचून दाखवेल आणि मगच पाकीट चिकटेल. आता लिहितोय. अक्षर बिघडलं असेल तर समजून घे.

तू पोरीला जो फोटो पाठवलास, "आता काय सांगशील" असं लिहून, तो तिने मला दाखवला. त्यात ती आहे आणि नाटकाचे दिवे लावणारा आहे. ती हसून वाकली आहे आणि तिने त्याची बाही धरली आहे. दिसायला वाईटच दिसतं, तुझी चूक नाही. गच्चीवरून तसंच दिसतं.

मी चष्मा लावून पुन्हा बघितला. त्यात डाव्या कडेला, अगदी खाली, एक तपकिरी टोक आहे. तुझ्याकडे असेल अजून तर मोठा करून बघ. ती माझी काठी आहे.

त्या दिवशी राजाची मिशी सुटून चहात पडली होती. त्याला पत्ता नाही. तो पितोय आणि ओठ चाचपत इकडेतिकडे शोधतोय. मी सिंहासनावरून म्हटलं, "महाराज, राज्य गेलं तर परत मिळेल, आधी मिशी बाहेर काढा." सगळे लोळायचे बाकी होते. पोरगी स्टुलावर उभी राहून पडद्याला टाके घालत होती, हसताना तोल गेला, जवळ जो होता त्याची बाही धरली. मला न्यायला दादा आला होता. तो म्हणाला, "आजी, इकडे बघ, फोटो काढतो." मी चष्मा सारखा केला, मान ताठ केली. इतकी ऐटीत मी लग्नातही बसले नव्हते. फोटोच्या मधोमध मी होते, बारक्या. माझ्याकडे बघून हसत होती ती.

मला सिंहासनासकट कापलं. काठीचं टोक तेवढं राहून गेलं.

मला राग यायला हवा होता. आला, पण टिकला नाही. मला उलट चौकशीच फार. या माणसाला त्यातून मिळतं काय? मी द्वारपालालाही हेच विचारलं होतं. म्हटलं, राणी मेली, राजा बुडाला, प्रधानकी तर तुला तरीही मिळत नाही. मग? त्याने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाला, "मला वाटतं आजी, त्याला प्रधानकीचं एवढं नसावं. राजाने दुसऱ्या कुणाशी बोलू नये, एवढंच हवं असावं."

तेच मी आत्ता दादाला विचारलं. लोक म्हणतील, लिफ्टच्या कंपनीने धाकट्याला नव्या शहरात मुख्य करून पाठवलं आणि ज्याने त्याला पाना धरायला शिकवलं तो इथेच दोरांना लोंबकळतोय, म्हणून जळतोय. त्याने पेनाला टोपण लावलं, परत काढलं. मग जे म्हणाला ते त्याच्याच हाताने लिहून घेते आहे:

"मुख्य झाला त्याचं मला काही नव्हतं. मीच पेढे वाटत सांगत होतो सगळ्यांना. पण आधी कुठली मोटर वेगळा आवाज करायला लागली की तो मला विचारायचा. तिकडे गेल्यावर रोज संध्याकाळी बायकोला फोन, आणि मला आठवलं तर. मी नुसतं म्हटलं होतं एकदा, काही नाही रे. तर त्याने दुसऱ्या दिवशी परत मलाच केला. मग रोज करायला लागला."

मी म्हटलं, आणि फोटो? म्हणाला, बारक्या मला विचारायचं बंद करेल असं वाटायला लागलं होतं.

बघ, मी काही न्यायाधीश नाही. नाटकात शेवटी द्वारपालाला शिपाई ओढत नेतात. त्याचं पुढे काय होतं, मी विचारलं, तर म्हणे नाटकात ते सांगितलेलं नाही. त्यांना सोपं आहे. आपल्या द्वारपालाला ओढून न्यायचं कुठे? संध्याकाळी तो इथेच जेवायला बसणार, पोरगीच वाढणार, आणि भाजीत मीठ कमी असलं तर तोच म्हणणार. त्याचं काय करायचं ते तुम्ही दोघं भाऊ समोरासमोर बसून बघा. मला तूर्त पेल्याची काळजी आहे. तो अजून तुझ्या हातात आहे.

कंपाउंडर म्हणत होता, आजी, मीच लिहून देतो ना सगळं. चांगला माणूस आहे. पण त्याने लिहिलं असतं तर तुला कळलं असतं, आणि दादाला स्वतःला काही कळायचं राहिलं असतं.

पोरीला यातलं मी काही सांगितलेलं नाही. फोटोत काठी आहे हे तिच्याही लक्षात आलेलं दिसत नाही, किंवा आलं असेल. तू न विचारता तिने सांगत सुटावं, अशी ती नाही. ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, लग्न तू केलंस तिच्याशी.

माझं बोलणं इथे संपलं. खाली अंगठा उठवते. कंपाउंडर अंगठ्यापर्यंत वाचेल. त्याच्या खाली दादाने त्याचं काय असेल ते लिहावं, मी ते वाचून घेणार नाही.

तुझी, फोटोतून गेलेली आणि घरात असलेली,
आजी
(डाव्या हाताचा अंगठा)

बारक्या,
आजीने सांगितलं ते सगळं खरं आहे. फोटो मी काढला, मीच कापून तुला पाठवला. जे मी अर्धं बोलायचो त्याच्या पुढे काहीच नव्हतं. तिने काही केलेलं नाही.
हे वाचून झाल्यावर मला फोन करू नकोस. तिला कर.
दादा