शिल्लक पाणी

ता. ४ नोव्हेंबर
चि. बबीस, अनेक आशीर्वाद.
पाणी खात्यात नोकरी लागली म्हणून गावची विहीर विसरली नसशील. बारा वर्षं डोंगरावर पाणी मुरवायला चर खणताना साऱ्या गावाच्या हाताची सालटं निघाली, पण यंदा विहीर काठोकाठ आहे. दर सोमवारी दोर सोडून मोजतो, ते आकडे सोबत आहेत. तुझी वहिनी म्हणते, बायकोपेक्षा विहिरीचीच जास्त चौकशी होते. खोटं नाही ते. साहेबांना दाखव, एकदा तरी कुणी शाबास म्हणू दे.
माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा दादा

ता. २० नोव्हेंबर
ती. दादास, शि. सा. न. वि. वि.
तुझे आकडे अहवालात जसेच्या तसे घातले. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचले, माझी तर कॉलर ताठ! उन्हाळ्यातले आकडे मात्र त्यात दिसले नाहीत. असो. वहिनीला नमस्कार, आणि तिचीही चौकशी करत जा.
लोभ असाच राहू दे.
तुझी बबी

ता. ९ एप्रिल
चि. बबीस,
दीड वर्षाने लिहितोय. आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. गावाखाली बाटलीबंद पाण्याचा कारखाना आलाय, सहा बोअर मारल्यात. परवान्यावर लिहिलंय, इथे पाणी शिल्लक आहे. त्याखाली पुरावा म्हणून माझेच आकडे. उन्हाळ्याचे मीच गाळले होते. विहिरीचा तळ दिसतो हे लिहायची लाज वाटली. पण तू इथेच वाढलीस ना? मे महिन्यात हंडा बुडत नाही, हे तुला मी कळवायला हवं होतं?
दादा

ता. १५ एप्रिल
ती. दादास, नमस्कार.
मला ठाऊक होतं. उन्हाळ्याचे आकडे मागवले तर अहवाल रखडेल, असं साहेब म्हणाले आणि मी गप्प बसले. त्याच अहवालावर मला बढती मिळाली. आता सगळे आकडे पाठव, मी फेरतपासणी मागते. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. रागाव, पण पत्र टाक.
बबी

ता. २ मे
चि. बबीस,
आकडे पाठवतोय, पण विहीर मागच्या आठवड्यातच आटली. कारखान्यासाठी डोंगरात पाणी मुरवायचं नाही, असं गावाने बैठकीत ठरवलं आणि काल सगळे चर बुजवायला वर गेले. यात आपलंच नुकसान आहे, हे मी ओरडून सांगितलं. कुणी ऐकेना. तुझी वहिनीही माती लोटत होती. तिने फावडं माझ्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत मी तीन चर बुजवले.
इतक्यात इकडे येऊ नकोस.
दादा