गोरिलाच्या आत

अण्णा, या शुक्रवारी तुम्हाला पाहिलं. मी दुबईत असतो, सोनापूरच्या लेबर कॅम्पात. साइटवर वॉचमन आहे आणि आमच्या खोलीत मीच सगळ्यांत म्हातारा. व्हिसा संपत आलाय, पुढे वाढवतात की घरी धाडतात या घोराने झोप लागत नाही. त्यात आणखी एक भीती शिरली होती. तुमचा चेहरा मला आठवेना. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, घरातला एकुलता एक फोटोही ओलीने गेला. तालमीतलं अंग बघून तुम्हाला जंगलाच्या पिक्चरमध्ये हीरो म्हणून घेतलं, वेलीला लटकून तुम्ही हत्तीच्या पाठीवर उतरायचात, गावातली पोरं तुमची आरोळी मारत फिरायची. आणि मला, तुमच्या पोराला, तुमचं नाक कसं होतं ते सांगता येऊ नये? म्हणून व्हिडिओच्या दुकानांतून तुमच्या पिक्चरची कॅसेट शोधत होतो. "चाचा, इतना पुराना कौन देखता है?" असं सगळे म्हणायचे. शेवटी एकाकडे मिळाली. डब्यावर चित्र नव्हतं, पण त्याने इंग्रजीतली नावं वाचून दाखवली, त्यात तुमचं होतं.

सगळ्या खोलीला मी सांगून बसलो होतो की माझे वडील हीरो. व्हीसीआर आमच्या खोलीतल्या खेडच्या गवंड्याचा. "यल्ला काका, चला, दाखवा तुमचा हीरो!" म्हणत त्याने कॅसेट लावली. हीरो आला तो कुणी कुरळ्या केसांचा पोरगा. "काका, वडील तुमच्यापेक्षा लहान दिसतात हो!" गवंडी म्हणाला. तेवढ्यात झुडपातून गोरिला आला, डावा पाय ओढत. मी बोलून गेलो, "तो. तो गोरिला." खोली हसून लोळायला लागली. "तरीच काका केळी सोडत नाहीत!"

वेल तुटून तुमचा डावा गुडघा गेला, तेव्हा हीरोचं काम संपलं. मग काही दिवस पिसं लावलेला टोळीचा सरदार, आणि मग ते गोरिलाचं कातडं. उसवलं की तुम्ही ते घरी आणायचात. आई चुलीपाशी बसून दाभणाने शिवायची. एकदा शिवण बघायला तुम्ही डोक्यापर्यंत चढवलंत आणि मी खाटेखाली शिरलो. आतून तुमचा आवाज आला, "अरे, आत मीच आहे." मी बाहेर आलो नाही. "बापाला भितोस? यावरच आपली चूल पेटते!" असं ओरडलात. मग मुंडकं काढून मांडीवर घेतलंत आणि किती तरी वेळ भिंतीकडे तोंड करून बसलात. आई तुमच्या अंगावरच कातड्याची पाठ शिवत राहिली.

पडद्यावर हीरोने सुरा मारला, गोरिला पडला, खोलीने टाळ्या पिटल्या. पण तुम्ही पडलात ते घरी जेवायला बसायचात तसे. आधी उजवा हात जमिनीला, मग डावा पाय सरळ लांब, मग अंग. मी तसं म्हणालो. गवंडी हसायचा थांबला. "गप रे जरा," म्हणत त्याने कॅसेट मागे नेली. तुम्ही मेलेले उठलात, चार पावलं उलटे चाललात आणि पुन्हा पडलात.

"खरंच की," तो म्हणाला. "हात आधी टेकवतो."

त्याने पुन्हा लावलं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोपऱ्यातून कुणीतरी हळू म्हणालं, "काकांच्या वडिलांना लागलं असेल रे."

चेहरा मिळाला नाही, अण्णा. आता मिळेलसं वाटतही नाही. हे लिहिलंय ते उशीखाली राहील, पाठवणार कुठे? एकच सांगायचं राहिलं. सगळे मेसमध्ये जेवायला गेले, तेव्हा मी ते पुन्हा लावलं आणि तुम्ही झुडपातून आलात तेव्हा टीव्हीच्या काचेवर हात ठेवला. हातावरचे केस उभे राहिले. काच तशीच असते, गवंडी सांगतो, त्यात विजेचा अंश असतो. पण पहिल्यांदा मी दचकून हात मागे घेतला. मग परत ठेवला.