परातीचा दरवाजा

ता. ४ फेब्रुवारी १९६८

चि. दयारामास बाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

चार-पाच वर्षांपूर्वी एका सकाळी मी शेण काढून राखेनं भांडी घासायला बसले, तर हे, तुझे भाऊजी, येऊन म्हणाले की गाडीच्या दरवाजासाठी रुखवतातली मोठी ॲल्युमिनियमची परात पाहिजे. मी म्हटलं, भाकरी काय दरवाजावर थापू? म्हणाले, थाप, इंजिनावर भाजून देतो. ती परात आणि दोन पातेली ठोकून त्यांनी गाडीचा कुजलेला डावा दरवाजा नवा केला. जिनिंग फॅक्टरीच्या शेठनं ह्यांना, आपल्या ड्रायव्हरला, देऊन टाकलेली ठोकरलेली गाडी, पण ह्यांचा तिच्यावर जीव. हे जाऊन आता तीन वर्षं झाली.

तू लिहिलंस की आपल्या गाडीच्या जातीच्या, इटलीत बनलेल्या पहिल्या मोजक्या मोलाच्या गाड्यांचे दरवाजे ॲल्युमिनियमचे, लोहचुंबक चिकटत नाही. मी लावून पाहिला. उजव्याला चिकटला, डाव्याला नाही. ह्यांचे थोरले भाऊ, भासरे महादेवराव, बघत होते; गाडी मोलाची निघाली म्हणून त्यांनी अख्ख्या धाड गावात सांगितलं. बुलढाण्याच्या वाचनालयातली नोकरीची जागा माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंतच आहे. भासरे म्हणतात, गाडी इकल्याबिगर कोठी जाऊन राह्यली? राखाले कोन? गाडी ठेवलेल्या गोठ्याची किल्ली माझ्या कमरेला आहे, पण बांधलेली मीच.

तुझी बाई

ता. ११ फेब्रुवारी

ती. बाईस दयारामचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या गॅरेजचे गिऱ्हाईक असलेले एक साहेब अशाच गाड्या शोधतात. ते वीस तारखेला येतील. उजवा दरवाजा ठोकरीनंतर बदलला, डावा मूळचा, असं त्यांना वाटतं. परातीचं मी बोललो नाही, तूही बोलू नकोस. अस्तर काढून ते कारखान्याचा नंबर शोधतील. तिथं परातीवर कोरलेलं तुझं नाव दिसलं तर कानशीनं घासून टाक. गाडी गेली की तू सुटशील. माया कमी करू नकोस.

दयाराम

ता. २३ फेब्रुवारी

चि. दयारामास आशीर्वाद, वि. वि.

कानस घेऊन बसले होते. अस्तर काढलं तर टिंबाटिंबांनी कोरलेलं 'सौ. सत्यभामा' जसंच्या तसं. एवढा पत्रा ठोकला, पण तेवढ्या जागेवर ह्यांनी हातोडी पडू दिली नव्हती. 'सौ.'वर कानस ठेवली आणि उचलली.

साहेबांनी विचारलं, हा कुठल्या कारखान्याचा शिक्का? मी म्हटलं, माझ्या रुखवताचा. ते हसले, मग पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, ही त्या पहिल्या मोजक्यांतली नाही, पण हात उस्तादाचा आहे. ते गाडी न घेताच गेल्यावर भासरे म्हणाले, सोन्याची समजलो, भांड्याची निघाली. आता हे डबडं कोन राखते? मी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

तुझं ऐकलं नाही, तरी लोभ होता तसाच राहू दे. दुसऱ्या दिवशी मी तो पत्रा सोडवला, गोधडीत गुंडाळला आणि सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला आले.

तुझी बाई