कोऱ्या पाण्याचं रीडिंग

८ जानेवारी, गुरुवार
अन्वीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. वय दोन वर्षं चार महिने. वरच्या समोरच्या दोन दातांवर हिरडीलगत तपकिरी पट्टे. किडीची सुरुवात म्हणाल्या. चोखणी किती वेळ तोंडात असते? किती वेळा उकळता? चोखणीला मध, गूळ काही लावून देता का? मी म्हटलं, मी तरी नाही. "तरी" जरा जोरात गेलं. झोपतानाच्या दुधाच्या बाटलीचंही विचारलं. उत्तर दिलं.
पुन्हा ५ फेब्रुवारीला, सकाळी अकरा.

९ जानेवारी, शुक्रवार
साडेआठ ते साडेपाच मी कारखान्याच्या लॅबमध्ये. महेश त्याच्या खत-बियाणांच्या दुकानात. तेवढा वेळ घरात अन्वी आणि सासूबाई, दोघीच. म्हणजे जे होतं ते त्या वेळातच.
संक्रांतीसाठी आणलेल्या काकवीचा डबा खालच्या फळीवर, सासूबाईंच्या हाताशी. आतून पेन्सिलने पातळी मारून ठेवली.

१२ जानेवारी, सोमवार
पातळी बोटभर खाली. महेश म्हणाला, "आई भाकरीसंगं खाते की. पहिल्यापासून." शक्य आहे. म्हणून पुरावा हवा होता.
दुपारी न सांगता घरी आले. अन्वी झोपलेली. चोखणी फळीवरच्या पेल्यात. ती झाकणाच्या बाटलीत घातली, दहा मिली डिस्टिल्ड पाणी ओतून हलवली. चोखणी परत पेल्यात, पाणी लॅबमध्ये. मोठं यंत्र रसाच्या नमुन्यांत अडकलेलं, म्हणून शेतकी विभागाकडून परत आलेला, साखर मोजायचा हातात धरायचा मीटर घेतला. साखर नसेल तर शून्य यायला हवं. १.६ आलं. पुन्हा घेतलं. १.६.
बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, कारण वाटलं.

१३ जानेवारी, मंगळवार
शेजारच्या शोभाकाकू भोगीची भाजी घेऊन आल्या होत्या. त्या जाईपर्यंत थांबायला हवं होतं.
मी सासूबाईंना: "आत्याबाई, चोखणीला काकवी लावून देता ना तुम्ही?"
"मी? कवा?"
"दिवसा. मी मोजलंय. एक पॉइंट सहा आलंय."
शोभाकाकू: "ताप हाय का लेकराला?"
सासूबाईंनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. रोज सकाळी त्याची पूजा झाल्याशिवाय त्या पाणीसुद्धा पीत नाहीत. म्हणाल्या, "हे बघ, लिंगावर हात ठेवून सांगते..."
मी मधेच: "शपथ नको. रीडिंग आहे माझ्याकडे."
हात तिथेच राहिला थोडा वेळ. मग खाली आला. त्यांनी भाजी आमच्या पातेल्यात काढली, काकूंचा डबा घासला, पुसला, परत दिला. "झ्याक झालीय भाजी," म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
सासूबाई पिंगळीला गेल्या, धाकट्या लेकीकडे. "जरा जाऊन येते." किती दिवस, ते सांगितलं नाही. महेशनेही विचारलं नाही.
पायरी उतरताना मला म्हणाल्या, "दुपारी तिला पदर लागतो."
"पदर म्हणजे?"
"म्हंजे पदर."

१९ जानेवारी, सोमवार
अन्वी दिवसभर शोभाकाकूंकडे. संध्याकाळी आणायला गेले तर डोळे सुजलेले.
"लय रडायलीय गं दुपारची. काही केल्या डोळा लागंना."
चोखणी दिली का, विचारलं.
"दिली की. फेकून देती. तुझ्या सासूनं दिवसाची सोडवलीय ना दिवाळीपासून. पदराचा काठ दोन बोटांत धरून चोळत झोपायची. तुला ठाऊक न्हाई?"
ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही की मी ऐकलं नाही, आठवत नाही. मीच ऐकलं नसावं.
१२ तारखेला अन्वी झोपलेली होती आणि चोखणी पेल्यात होती. मी दोन्ही पाहिलं होतं.

२० जानेवारी, मंगळवार
दिवसा चोखणी तोंडातच जात नसेल, तर १.६ कशाचं?

२२ जानेवारी, गुरुवार
सगळे जेवायला गेल्यावर तो मीटर काढला. काचेवर डिस्टिल्ड पाणी. नुसतं, बाटलीतलं, कोरं.
१.६.
काच पुसली, पुन्हा घेतलं. १.६. शून्य सरकलेलं. शेतात कुणाच्या हातून पडला असेल.
मीटरच्या कपाटावर चिठ्ठी आहे: वापरण्याआधी पाण्याने शून्य तपासा. अक्षर माझं. नोव्हेंबरमध्ये एका ट्रेनी मुलीने शून्य न बघता नमुने घेतले, तेव्हा तिला अख्ख्या पाळीचे नमुने पुन्हा करायला लावले होते. सगळ्यांसमोर. ती बाथरूममध्ये जाऊन रडली, ते मला कुणीतरी येऊन सांगितलं. मी म्हटलं होतं, रडून रीडिंग बदलत नाही.
स्क्रू फिरवून शून्य लावलं. नोंदवहीत लिहिलं: शून्य सरकलेलं, दुरुस्त केलं. "केव्हापासून" या रकान्यात रेघ मारली.

२४ जानेवारी, शनिवार
महेशला अजून सांगितलेलं नाही. सहाला सासूबाईंचा फोन येतो. अन्वीशी बोलतात, कोंबड्यांचं, मांजराचं. मग फोन माझ्याकडे आला की, "जेवलीस का?" सहा वाजता कुणी जेवत नाही. मी म्हणते, हो.
आज अन्वीने माझ्या ओढणीचा काठ बोटांत धरला. दोनदा चोळला. सोडून दिला.

२७ जानेवारी, मंगळवार
८ तारखेच्या नोंदीत "उत्तर दिलं" एवढंच लिहिलंय. उत्तर "नाही" होतं.
खरं असं: ऑक्टोबरमध्ये गळीत हंगाम सुरू झाल्यापासून रोज रात्री साडेआठला बाटली देते. दूध, दीड चमचा साखर. बाटली तोंडात असतानाच ती झोपते. मग बाटली काढून चोखणी. पंधरा मिनिटांत घर शांत. त्याआधी तास-दीड तास लागायचा, ती रडायची आणि मी घड्याळ बघत बसायचे. त्या वेळी महेश दुकानात, सासूबाई मधल्या खोलीत. दोघांनाही वाटतं, मी थोपटून झोपवते. सासूबाई एकदा महेशला म्हणाल्या होत्या, "तिच्या हाताला गुण हाय." मी ते ऐकलं होतं.
डॉक्टरांनी विचारलं त्याच क्षणी मला कळलं होतं. काकवीचा डबा नंतर सुचला.
साखर कारखान्यात केमिस्ट आहे मी. ते दूध कधी मोजलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
पिंगळीला गेलो, अन्वी आणि मी. पॅसेंजरने, परभणीला गाडी बदलून. महेशला फक्त "आणायला जाते" म्हटलं.
सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. अन्वी पळत सुटली. त्यांनी तिला हातानेच थांबवलं, उठल्या, हौदापाशी जाऊन साबणाने हात धुतले. मग पदराचं टोक माझ्यापुढे धरलं.
"बघ. सकाळीच धुतलंय."
टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.
मी म्हटलं, मीटर चुकीचं दाखवत होता. साध्या पाण्यालाही तेवढंच येत होतं. मी तपासायला हवं होतं. चूक माझी. गाडीत तीन वेळा मनात म्हटलं होतं, तसंच्या तसं म्हटलं.
"मशीनचं ऱ्हाऊ दे. लोखंड हाय ते, चुकतंय. तू मला आधी इच्यारलं का न्हाईस?"
"विचारलं होतं."
"इच्यारलं न्हाईस. सांगितलंस."
नणंद चहा घेऊन आली. "वहिनी, यातली साखर बघा बरं मोजून. आमच्या ह्यांना म्हणते, जास्त पडायलीय." सासूबाई हसल्या. मीही हसले.
अन्वी काठ धरून मांडीवर झोपली. नऊ मिनिटं.
तेव्हाच बाटलीचं सांगायचं होतं. त्याच म्हणाल्या, "मग ते दात कशानं खराब झाले गं?"
"डॉक्टर बघतील."
"गुरुवारी हाय ना? मी येते संगं. मीच इच्यारते."
संध्याकाळी आमच्यासोबतच परत आल्या. गाडीत अन्वीला खिडकी दिली, स्वतः मधे बसल्या. सगळा दोष त्या मीटरवर गेला होता. मी जाऊ दिला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
काल बाटलीत नुसतं पाणी. चाळीस मिनिटं रडली. आज पुन्हा दूध, साखर दीड चमचा. दार लावून घेतलं होतं.

४ फेब्रुवारी, बुधवार
उद्या अकराला डॉक्टर. डॉक्टर बाटलीचं पुन्हा विचारणार. सासूबाई शेजारच्या खुर्चीत असतील.
बाटली भरून ओट्यावर ठेवली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आज मी निजवते. तू दमायलीस." अन्वीला घेऊन मधल्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. चोखणी मागितली तिने एकदा. "हाय की, पेल्यात हाय, ती पण झोपलीय," असं काहीतरी. मग आवाज नाही. वीस-बावीस मिनिटं.
बाटली रिकामी करायला पुरेसा वेळ होता. मी ओट्यापाशी उभी होते. केली नाही.
त्या पाणी प्यायला बाहेर आल्या. बाटली पाहिली. उचलली, हाताला कोमट लागली असणार. झाकण काढून वास घेतला. परत ठेवली.
"हे कुणासाठी गं?"
सांगितलं नाही त्यांनी. विचारलं.
मी म्हटलं, आलेच, हात पुसून येते. आणि इथे बसून हे लिहिते आहे. आठ पन्नास. त्या अजून स्वयंपाकघरातच आहेत. पाट सरकवल्याचा आवाज आला, म्हणजे बसल्या.