कागद हलला पाहिजे

३ फेब्रुवारी

कागद आज पण हलला नाही!

नवरा काल विचारत होता, हे हूड हूड म्हणजे नक्की काय गं? त्याला सांगितलं — सरकत्या काचेचं मोठं कपाट. विषारी वाफा सुटणारं काम त्यात हात घालून करायचं, छतावरची मोटर त्या वाफा ओढून बाहेर टाकते. मोटर चालू असली की तोंडाशी चिकटवलेली कागदाची पट्टी आत ओढली जाते, फडफडते. आमची पट्टी ऑगस्टपासून मेल्यासारखी लोंबतेय. मातीतलं विष शोधणारी सरकारी संशोधन संस्था आमची, आणि विष जातंय आमच्याच नाकात!

भिंगरी दिवसभर त्या हूडपाशी असते. माझी कंत्राटी सहायक. एका जागी ठरत नाही म्हणून मीच हे नाव पाडलं. हल्ली खोकते. एक जिना चढली की धापा टाकते.

४ फेब्रुवारी

संचालकांचा तोंडी निरोप — "खिडकी उघडून काम करा."

उघडली. कबुतर आत आलं.

७ फेब्रुवारी

आज केबिनमध्ये जाऊन भांडले. संचालकांना मागून सगळे फीतसाहेब म्हणतात. काही नवं दिसलं की यांच्या हातात कात्री!

"मॅडम, नवी इमारत होतेच आहे. तिथे नवे हूड येतील."

"आणि तोवर? श्वास घ्यायचा की नाही?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता हो."

डोक्यात तिडीकच गेली. माझ्या एकाही पत्राला यांनी "नाही" म्हटलेलं नाही. म्हणणार कसं? त्याला सही लागते, आणि हे गृहस्थ सही करतात फक्त पाहुण्यांच्या अभिप्रायाखाली.

१८ तारखेला वरून देखरेख समिती येणार. त्यासाठी काय चाललंय तर रंगरंगोटी. कुंड्या. जिन्यात "सुरक्षा प्रथम" असा फलक. तो लावायला माणूस शिडीवर चढला होता आणि खाली शिडी धरायला कुणी नाही! शेवटी मी धरली.

घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, "भांड्यांनी काय घोडं मारलंय? समितीसमोर बोल की."

बोलणारच आहे.

११ फेब्रुवारी

भिंगरीला चक्कर आली. हूडची काच धरून खालीच बसली. पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. "चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"नको मॅडम. महिनाअखेर माझी मुदत संपतेय. आता आजारी पडून कसं चालेल?"

आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कमावतं कुणी नाही. तिचंही बरोबर आहे. पण ओठ निळे पडले होते हो पोरीचे!

"समितीसमोर माझं नाव घेऊ नका हं मॅडम. शप्पथ आहे तुम्हाला."

मी म्हटलं, तुझं नाव नाही घेणार. हूडचं मात्र बोलणार.

ती उठून परत हूडपाशी गेली.

१७ फेब्रुवारी

उद्या काय बोलायचं ते तोंडपाठ केलंय. नवऱ्याला दोनदा ऐकवलं. म्हणतो, मुद्दे चांगलेत, फक्त आवाज जरा खाली ठेव. बघू!

१८ फेब्रुवारी

पट्टी हलत होती!

समिती आत आली तेव्हा मी हूडच्या बाजूला उभी होते. पुढे फीतसाहेब, मग अध्यक्ष — पांढऱ्या केसांचे, सौम्य बोलणारे — आणि त्यांच्या मागे सगळं लटांबर. मी सरळ सुरुवात केली. "सर, हा हूड ऑगस्टपासून बंद आहे."

अध्यक्षांनी हूडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पण मॅडम, कागद तर हलतोय."

वळून बघते तर खरंच! चांगला फडफडत होता. क्षणभर वाटलं मलाच वेड लागलं. फीतसाहेब म्हणाले, "मॅडमवर कामाचा फार ताण आहे." लटांबर हसलं.

मी वाकून आत पाहिलं. कडेला मोठ्या बाटल्यांची रांग, आणि तिच्याआड एक छोटा टेबल फॅन. जाळीवर फुलपाखराचा स्टिकर. भिंगरीचा! उकडतं म्हणून तिनेच घरून आणलेला.

मान वर केली. ती दाराशी उभी होती, पांढरीफटक. हळूच मान हलवत होती — नको, नको.

एक बाटली बाजूला केली असती तर तमाशा उघडा पडला असता. पण मग नोकरी तिची गेली असती, तिथल्या तिथे. फीतसाहेबांच्या केसालाही धक्का लागला नसता.

मी म्हटलं, "हो सर. हलतोय."

माझ्याच तोंडाने!!

१९ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. नवऱ्याशी बोलले नाही. आरशात तोंड बघवत नाही.

२० फेब्रुवारी

भिंगरीला झापलं. "अगं, त्या वाफांत विजेचा पंखा? एक ठिणगी उडाली असती म्हणजे?"

खूप रडली. मग सांगितलं. साहेबांच्या पीएने बोलावून घेतलं होतं. "समितीला कागद हलताना दिसला पाहिजे. दिसला तर तुझ्या मुदतवाढीचं बघू." बस्स, एवढंच. पंखा लाव असं कुणी म्हटलंच नाही! उद्या विचारलं तर सगळे हात झटकून मोकळे.

तिच्यावर काय चिडणार? मोटर बंद ठेवणारा वेगळा, पंखा लावायला लावणारा वेगळा, आणि "हलतोय" म्हणणारी मी. पंखा माझ्या कपाटात ठेवलाय. का ठेवलाय, माहीत नाही.

२६ फेब्रुवारी

अहवाल आला. "हूड उत्तम स्थितीत. शेजारच्या विभागाचा हूड नादुरुस्त असल्याने त्यांचंही काम यापुढे इथेच करावं."

म्हणजे वाफा दुप्पट! वा रे देखरेख! यांना कागद दिसला, खोकणारी माणसं दिसली नाहीत. फीतसाहेबांनी तो परिच्छेद बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या. मी हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर काहीतरी फेकून मारलं असतं.

२८ फेब्रुवारी

भिंगरीला मुदतवाढ! सगळ्यांना चॉकलेटं वाटली पोरीने. खोकत खोकत. आता फक्त वैद्यकीय तपासणी, म्हणाली.

चॉकलेट टेबलावर तसंच आहे.

४ मार्च

तपासणीत नापास. "फुप्फुसं कमजोर. रसायनांच्या कामास अयोग्य." मुदतवाढ रद्द.

आपलं सामान न्यायला आली. पंखा मागितला. मी कपाटातून काढला, पण दिला नाही. म्हटलं, हा घरी जायचा नाही. हा जायचा अध्यक्षांच्या टेबलावर, आणि मी काय खोटं बोलले तेही तिथेच सांगणार. तुझं नाव घेणार नाही, शब्द दिलाय.

ती दारापर्यंत गेली. मग आत आली, पंखा माझ्या हातातून घेतला, छातीशी धरला.

"चला मॅडम. आता माझं नाव घ्या."