साडेबावन्न टक्के प्रगती

२ फेब्रुवारी १९७८
आजपासून रोज डायरी. संकल्प: पाचला उठणे, वॉर्डात पायी चक्कर, चहा दोनच कप.
काल नगरपरिषदेच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष भैय्याजींनी वीस वर्षांच्या विकास योजनेची प्रगती माझ्याकडे सोपवली. एकमताने. बाकीचे मेंबर तोवर उठून गेले होते, पण एकमत ते एकमत. योजना १९७८ ते १९९८. वीस कामं. प्रत्येकाचे दोन भाग: (अ) जुनं काढणे, (ब) नवीन बांधणे. एकूण चाळीस. एक भाग झाला की अडीच टक्के. एवढं सोपं असताना आपलं गाव मागे काहून, समजत नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
आत्ता उठलो. थंडीत पाचला उठणं छातीला वाईट. मार्चपासून.

२० फेब्रुवारी
एसटीनं नागपूर. (ब) ला वरच्या ऑफिसची मंजुरी लागते. साहेब दौऱ्यावर. बर्डीच्या बाजारात जेवलो, परत.
बसमध्ये एकदम डोक्यात आलं. (अ) ला मंजुरी लागत नाही! नुसतं पाडायचं असतं. आधी सगळे (अ) उरकले तर पहिल्याच वर्षी पन्नास टक्के. उरलेल्या पन्नासाला एकोणीस वर्षं पडली आहेत. हे आजवर कुणाला सुचलं नाही, कमाल आहे.

१२ मार्च
बाजाराचं जुनं शेड पाडलं. बसथांब्याचा मांडव काढला. दवाखान्याची गळकी खोली पाडली. धडाका सुरू आहे. भैय्याजी म्हणाले, कृष्णकांतराव, कमाल केली तुम्ही. भाजीवाल्या उन्हात बसून कुरकुर करून राहिल्या. लोकांना लाँग टर्म कळत नाही.

२७ मार्च
चाळीस टक्के.
काम नंबर सतरा: (अ) जुनी विहीर बुजवणे, (ब) नळ. वॉर्ड चार, बौद्धवस्ती. चाळीस घरं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर, सत्तावन्न साली, देवराव आणि त्याच्या भावकीनं ती विहीर स्वतः खोदली. त्याआधी त्यांच्या बाया आमच्या अंगणातल्या विहिरीच्या फाटकाशी उभ्या राहत. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. ते वडिलांच्या वेळचं. मी तेव्हाही पर्सनली विरोधात होतो, फक्त बोललो नव्हतो.
देवरावला समजावलं. तो म्हणे, पह्यले नळ आना मेंबर साहेब, मंग बुजवा. म्हटलं, कागदावर अ आधी आहे, ब नंतर. पंधरा दिवसांत नळ. चौदा एप्रिलच्या जयंतीला तुमच्या दारात पाणी, हा माझा शब्द. शब्द दिल्यावर फार बरं वाटलं. देवराव हसला नाही, पण तो मुळातच कमी हसतो.

१ एप्रिल
विहीर बुजवली. शेडचा मलबा पडूनच होता, तोच आत टाकला. दोन हवालदार बरोबर नेले होते, आपले असेच. बाया उभ्या राहून पाहत होत्या. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांची संमती. साडेबेचाळीस.

१० एप्रिल
नागपूर. साहेब लग्नाला गेलेले. क्लार्कनं फाईल शोधून दिली, दुसऱ्या फाईलखाली होती. सापडली हे काय कमी आहे? ऊन बम तापलेलं. चहा पाच कप झाले, प्रवासात धरत नाही.

१३ एप्रिल
बाया दीड मैलावर नदीच्या रेतीत खड्डे करून झिरपलेलं पाणी आणतात म्हणे. देवरावची बायको, सिंधूताई, उतारावर घागर घेऊन पडली. मनगट मोडलं. आमची सौ. प्रेमिला जाऊन भेटून आली. मीही जाणार होतो, पण प्रगतीचा तक्ता रंगवायला घेतला होता. हिरवा रंग मधेच सोडला की डाग पडतात.
प्रेमिला म्हणते, अजी, उद्या जयंती हाये, लोकाईच्या घरी पानी नाई, तुम्ही शब्द देल्ला होता. म्हटलं, चौदा एप्रिल म्हणालो होतो, साल सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली.

१४ एप्रिल
मन मोठं केलं. वस्तीत जाऊन जाहीर केलं, आमची विहीर तुम्हाला मोकळी, फाटक दिवसभर उघडं. टाळ्या होतील असं वाटलं होतं. देवराव म्हणे, तुमच्या फाटकात उभं राहा लागू नये म्हनूनच तं खोदली होती.
मनाला फार लागलं. माणसानं करावं तरी किती!
निघताना सिंधूताईनं प्लास्टरच्या हातानं पेला पुढे केला. जयंतीचा दिवस, कोणाले तसंच जाऊ देत नाई म्हणे. रेतीतलं गढूळ पाणी. प्यालो. घरी येऊन दोन तांबे प्यालो तरी घसा कोरडाच.

२४ एप्रिल
परवा शेवटचा (अ) संपला. पन्नास टक्के! आणि त्याच दिवशी ही खबर: वस्तीवाले विहिरीतला मलबा काढून राहिले. बिनपरवाना! म्हणजे साडेसत्तेचाळीस!
भर दुपारी नोटीस घेऊन गेलो. देवराव खाली, वरून पोरं दोर ओढून राहिली. कुणी थांबेना, म्हणून काठावर वाकून नोटीस विहिरीतच वाचून दाखवली. खालून देवराव म्हणे, बाजूले व्हा मेंबर साहेब, टोपलं येऊन राह्यलं, अंगावर पडन. बाजूला झालो. तेवढ्यात नोटीस हातातून निसटली. दोन टोपल्यांनंतर विटांबरोबर वर आली. ती झटकून घेऊन आलो, ऑफिस कॉपी आहे.

२ मे
प्रेमिला पहाटेच घराबाहेर पडते. मला वाटलं, देवळात जात असेल. तर ही वस्तीत टोपली उचलायला! मेंबरची बायको! म्हटलं, लोक काय म्हणतील? म्हणे, तुमचा शब्दच उचलून राह्यली मी, बम जड हाये. हातात काटा भरला होता. काढून देऊ का विचारलं, नको म्हणाली.

१३ मे
पाणी लागलं.
गेलो होतो. लांब उभा राहिलो. देवराव वर आला तेव्हा दोन बोटांना नखं नव्हती. साठीचा माणूस. माझ्याकडे पाहिलंही नाही, सिंधूताईला म्हणे, गोड हाये वं. ती रडत होती. मीही तिथे थोडा वेळ होतो.

१५ मे
भैय्याजींना खालमानेनं साडेसत्तेचाळीस सांगितले. ते खो खो हसले. म्हणाले, जुनी बुजली ती बुजली, कायमची. ही नवीन विहीर. म्हणजे काम सतरा, (ब), पाण्याची सोय, पूर्ण! अख्ख्या योजनेतला पहिला (ब)! साडेबावन्न! नळाची फाईल नागपूरहून परत मागवून घ्या, आता गरज काय?
मी म्हणालो, बरं. लगेच म्हणालो.

१६ मे
रिपोर्ट पूर्ण केला. रकाने तीन: काम, तारीख, काम कोणी केले. पहिले दोन झटक्यात भरले. तिसऱ्यापाशी तासभर बसलो. तो विटांचा ढीग, ती नखं नसलेली बोटं. मले लाज वाटली. इथं कोण वाचतं, लिहून टाकतो: फार वाटली. देवरावचं नाव घालावं आणि नळाची फाईल तिथेच राहू द्यावी, असंही मनात येऊन गेलं. पण मग टक्के कमी होतात, भैय्याजी नाराज होतात, पुढचं तिकीट त्यांच्याच हातात.
नगरपरिषद, असं लिहिलं. अक्षर छान आलं. सही केली.
प्रेमिला दारात उभी होती. किती वेळची, कोण जाणे. म्हणे, सिंधूताई इचारत होती, नळ येईनच ना? म्हटलं, सांग तिला, प्रयत्न चालू आहेत.